धुक्यातले लंडन आणि आपली माणसे

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या गुप्तहेरांचे चित्रपट आमच्या घरात कसे शिरले, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. तीन पिढ्या एका खोलीत बसून पाहू शकतील असे फार थोडे उरले आहे. आजकालच्या थ्रिलरमध्ये पाचव्या मिनिटाला शिवी येते आणि दहाव्या मिनिटाला असे काही येते की अम्मींना एकदम पाणी प्यायची आठवण होते आणि आमच्यापैकी एकजण रिमोट शोधू लागतो. या जुन्या लंडनमध्ये मात्र माणसे गळ्यापर्यंत बटणे लावून फिरतात, खून बहुधा पडद्यामागे होतो आणि उरलेला वेळ विचार करण्यात जातो.

शनिवारी इशानंतर आमची बैठक भरते. मुलांचे मामू पेंधरहून मेट्रोने बेलपाड्याला उतरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही मेट्रो सुरू झाली तेव्हापासून त्यांचा एकही शनिवार चुकलेला नाही. आम्ही दोघे, अम्मी, अकरावीत सायन्सला असलेली थोरली, सातवीतला धाकटा आणि मामू, असे सहाजण. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावर ढग उतरले की खिडकीबाहेरही तेच आणि पडद्यावरही तेच. लंडनचे ते प्रसिद्ध धुके खरे तर अर्धे कोळशाचा धूर होते, हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा धाकटा म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे रात्री कारखान्यांचा वास येतो तसं?" अगदी तसेच.

या चित्रपटांचा बादशहा अर्थातच शेरलॉक होम्स. आर्थर कॉनन डॉयलने त्याच्यावर चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा लिहिल्या. २०१२ मध्ये गिनीजवाल्यांनी मोजले तेव्हा पडद्यावर तो २५४ वेळा येऊन गेला होता. इतक्यांदा पडद्यावर आलेले कथेतले दुसरे माणूस नाही. पण गंमत पाहा, जे धुके आणि घोडागाड्या आपण होम्सशी कायमच्या जोडल्या आहेत, त्या पडद्यावर नेहमी नव्हत्या. १९३९ मध्ये बॅसिल रॅथबोनचा 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' आला तो व्हिक्टोरियन काळातला. पुढे दुसऱ्याच कंपनीने त्याच रॅथबोनला घेऊन होम्सला थेट दुसऱ्या महायुद्धात नेले आणि नाझींच्या मागे लावले. मामूंना ते चित्रपट आवडतात. आम्हाला नाहीत. ज्या होम्सच्या दारात मोटार उभी राहते, तो आम्हाला कोणी तोतया वाटतो.

अम्मींचे मत वेगळे. त्यांच्या मते 'हाउंड'ची खरी आवृत्ती एकच, 'बीस साल बाद'. १९६२ चा, बिरेन नाग यांनी दिग्दर्शित केलेला, हेमंतकुमार यांनी काढलेला, विश्वजित आणि वहिदा रहमानचा. शापित घराणे, दलदल, रात्रीचा आवाज, वारसाचे परत येणे, सगळे इंग्लंडच्या माळरानावरून उचलून आपल्याकडच्या हवेलीत आणून ठेवलेले. कुत्रा तेवढा गाळला आणि त्याच्या जागी गाणी घातली. अम्मींनी तो लहानपणी तंबूत पाहिला होता. पांढऱ्या साडीतली बाई दिसली की बायकांच्या बाजूने किंचाळ्या उठायच्या, असे त्या सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज आजही खाली येतो.

कुटुंबाला एकच चित्रपट सुचवायचा झाला तर आम्ही १९४४ चा 'गॅसलाइट' सुचवू. इन्ग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळाले. नवरा बायकोला हळूहळू पटवत जातो की तूच विसरतेस, तूच वस्तू लपवतेस, तुझेच डोके ठिकाणावर नाही. रोज रात्री तो बाहेर गेला की तिच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो, वरून पावलांचा आवाज येतो आणि ती हे कोणाला सांगू शकत नाही, कारण तिचा स्वतःवरचाच विश्वास उडालेला असतो. स्कॉटलंड यार्डचा माणूस त्या दिव्यावरूनच गुन्हा ओळखतो. एका घरात दुसरीकडे दिवा पेटवला की इकडचा मंद होतो. म्हणजे वरच्या बंद माळ्यावर कोणीतरी दिवा लावते आहे. धाकट्याला हे समजावणे कठीण गेले नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नळ सोडला की आमच्याकडची धार बारीक होते. पण त्या रात्री चित्रपट संपल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी गावाकडच्या एका बाईची गोष्ट सांगितली, जिला सासरी असेच "वेडी" ठरवून माहेरी धाडले होते. नाव सांगितले नाही. तिच्या घरात दिव्यावरून ओळखणारा कोणी आला नाही, एवढेच म्हणाल्या.

थोरलीची आवडती मात्र 'एनोला होम्स', शेरलॉकची धाकटी बहीण, २०२० चा पहिला भाग आणि २०२२ चा दुसरा. दुसऱ्या भागात आगपेट्यांच्या कारखान्यातल्या मुली आहेत. तो भाग काही निव्वळ कल्पना नाही. १८८८ च्या जुलैमध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १,४०० मुली-बायकांनी खरोखर संप केला होता आणि फॉस्फरसने जबड्याचे हाड सडण्याचा रोग त्यांच्यात खरोखर होता. त्यातल्या सारा चॅपमन या मुलीचे नाव चित्रपटात घेतले आहे. शिवाय या दोन्ही भागांत इन्स्पेक्टर लेस्ट्रेडचे काम आदिल अख्तर यांनी केले आहे. नामावळीत ते नाव वर सरकले तेव्हा धाकट्याने टाळी वाजवली. "आपलावाला पोलिस!"

थोरलीने लगेच विचारले, "पण तेव्हा खरंच असे असायचे का? की आता दाखवतात म्हणून?"

या प्रश्नाने आमचे पुढचे दोन महिने खाल्ले.

कारण प्रश्न तिने उगाच विचारला नव्हता. त्याआधीच्या शनिवारी आम्ही 'यंग शेरलॉक होम्स' पाहिला होता, १९८५ चा. चांगला चित्रपट आहे; संगणकावर घडवलेले पहिले जिवंत वाटणारे पात्र, रंगीत काचेतून उतरणारा तो शिलेदार, याच चित्रपटातला. पण त्यात लंडनच्या पोटात एक इजिप्शियन पंथ दडलेला असतो, मुंडण केलेली माणसे मंत्र म्हणत मुलींचा बळी देतात. एकदा हे लक्षात आले की मग सगळीकडे दिसू लागते. पूर्वेकडून एखादी वस्तू आली की पाठोपाठ खून आलाच. फुंकणीतला विषारी काटा, साप, शापित हिरा आणि ते आणणारा सावळा माणूस.

त्या कथांच्या मुळाशी गेलो तर आपला मुलुख पानोपानी आहे. डॉक्टर वॉटसन १८८७ च्या पहिल्या कादंबरीत लढाईवर निघतो तो मुंबई बंदरात उतरून. मग अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जखमी होऊन परततो. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ ची. इंग्रजीतली पहिली मोठी गुप्तहेर कादंबरी म्हणून तिला मान आहे. तिची सुरुवात होते मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणात. टिपू सुलतान पडल्यावर इंग्रज फौज लूट करते आणि त्याच्या शस्त्रागारातल्या खंजिराच्या मुठीतला हिरा एक इंग्रज अधिकारी खून करून पळवतो. तोच हिरा पन्नास वर्षांनी इंग्लंडमध्ये चोरीला जातो आणि सार्जंट कफ तपासाला येतो. तिच्यावर १९३४ मध्ये चित्रपट निघाला, बीबीसीने मालिकाही केल्या. कॉलिन्सला आम्ही मानतो, कारण पहिली चोरी कोणाची ते त्याने पहिल्याच प्रकरणात लिहून टाकले. हिरा हरवला म्हणून जे घर रडते आहे, ते घरच चोरीच्या मालावर उभे आहे.

डॉयलची 'द साइन ऑफ फोर' १८९० ची. तिच्यात १८५७ च्या धामधुमीत आग्र्याचा खजिना लुटला जातो. लुटणारे चौघे, एक गोरा जोनाथन स्मॉल आणि तीन देशी: महंमद सिंग, अब्दुल्ला खान, दोस्त अकबर. कथेत त्यांना शीख म्हटले आहे! मामू हसून लोळले. "अरे, याला नावं कोणी सांगितली? एकाच्या नावात सगळा हिंदुस्थान कोंबला." थोरली हसली नाही. ती म्हणाली, "त्याला फरक पडत नव्हता, मामू. तीनही नावं त्याला सारखीच."

खरे आहे. आणि हे निव्वळ पुस्तकातले नाही. बेलपाड्यात येण्यापूर्वी आम्ही भाड्याचे घर शोधत होतो तेव्हा एका सोसायटीचे सगळे ठरत आले होते. भाडे, अनामत, चावीची तारीख. मग फोनवर एजंटने पूर्ण नाव विचारले. आम्ही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली आणि मग कळले की मालकाचा भाऊ अचानक अमेरिकेहून परत येतो आहे. असे अमेरिकेहून परत येणारे भाऊ आमच्या ओळखीच्या प्रत्येक घराला एकदा तरी भेटलेले आहेत. होम्स बुटाच्या चिखलावरून, बाहीच्या घासलेल्या कडेवरून माणूस ओळखतो. आमच्या एजंटला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

तर थोरलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे म्हणून आम्ही वाचू लागलो. व्हिक्टोरियाच्या काळात आपल्या मुंबईत गुप्तहेर कोण होते?

पहिले नाव सापडले ते चार्ल्स फोर्जेटचे. १८५७ मध्ये मुंबईचे पोलिस त्याच्या हाताखाली होते. ताडदेवला आजही फोर्जेट स्ट्रीट आहे. मामूंचा एक मित्र तिथे कामाला होता, पण हे नाव कोणाचे हे त्याने कधी विचारले नव्हते. फोर्जेटला इथल्या भाषा यायच्या आणि वेषांतर तर असे साधायचे की होम्सने शिकवणी लावावी. पहारेकऱ्यांना चकवून सफाईवाल्याच्या वेषात तो थेट गव्हर्नराच्या बंगल्यात पोचला, असा किस्सा सांगतात. चित्रपट काढायचा तर तयार पात्र आहे. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्याला सुगावा लागला की मुंबईतल्या देशी पलटणींचे काही शिपाई गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी गुप्तपणे जमतात आणि दिवाळीत उठाव करायचा त्यांचा बेत आहे. फोर्जेटने गंगाप्रसादला धाक घालून फोडले, शेजारच्या खोलीत दडून बसला आणि भिंतीच्या भोकांतून सगळे पाहिले, ऐकले. इतकेच नाही, त्या शिपायांच्या गोऱ्या अधिकाऱ्यालाही वेषांतर करून तिथे नेऊन बसवले, म्हणजे साक्षीदार पक्का.

इथवर आम्ही मुलांना रंगवून सांगितले आणि धाकटा उशीवर मुठी आपटत होता, आता पकडणार, आता पकडणार! मग पुढचे सांगावे लागले. भिंतीपलीकडे बसलेल्यांत मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन होता. त्याला आणि मंगल गडिया या शिपायाला १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. आज ज्याला आपण आझाद मैदान म्हणतो, जिथे शाळकरी मुलांचे क्रिकेटचे सामने चालतात, तिथे. धाकट्याच्या मुठी थांबल्या. तो कोणाच्या बाजूने होता हे त्याचे त्यालाच कळेना. आम्हीही सांगायला गेलो नाही. गोष्ट सांगताना आम्ही फोर्जेटच्या खोलीत बसून भोकातून पाहत होतो. तिकडच्या खोलीत बसून हीच गोष्ट सांगितली तर त्यात फोर्जेटचे नाव शेवटी, दार फुटल्यावर येईल.

त्याच दिवसांत संशय जगन्नाथ शंकरशेट यांच्यावरही आला होता, बरे का. ज्यांनी मुंबईला शाळा दिल्या आणि रेल्वेसाठी खटपट केली, ते नाना. चौकशी झाली, पुरावा निघाला नाही, सुटले. सय्यद हुसेनकडे नानांची श्रीमंती नव्हती. पण त्याच्याविरुद्ध पुरावा होता, हेही खरे. तो नाकारून गोष्ट गोड करण्यात आम्हाला रस नाही.

दुसरे प्रकरण सापडले ते त्याहून रंगतदार, आणि त्यात धाकट्याचे "आपलेवाले पोलिस" थेट मुख्य भूमिकेत. बडोदे, १८७४. गादीवर मल्हारराव गायकवाड. इंग्रज रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर. दोघांचे विस्तव जाईना इतके वाकडे. फेअरला बदला असे महाराजांनी नुकतेच वर लिहून पाठवलेले. फेअर रोज सकाळी फिरून आला की पपनसाच्या रसाचे सरबत घ्यायचा. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी त्याने दोनतीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली, पोटात कसेसे झाले आणि बाकीचे सरबत त्याने खिडकीतून फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तपासले, मुंबईच्या रासायनिक तज्ज्ञाकडे पाठवले. अहवाल आला, सोमल आणि हिऱ्याची पूड.

हिऱ्याची पूड! डॉयलला हे सुचले असते तर वाचकांनी अतिशयोक्ती म्हटले असते.

तपासाला मुंबईचे पोलिस कमिशनर सर फ्रँक सूटर गेले आणि त्यांच्याबरोबर गुप्त पोलिसातली त्यांची खास माणसे, अकबर अली आणि अब्दुल अली. जोडीला गजानन विठ्ठल. यांना आपण कोणत्या चित्रपटात पाहिले? कुठेच नाही. व्हिक्टोरियाच्या राज्यातल्या सर्वांत गाजलेल्या विषप्रयोगाचा तपास ज्यांनी केला त्यांना पडद्यावर फुंकणीवाल्याइतकीही जागा मिळाली नाही.

रेसिडेन्सीचा हवालदार रावजी, जमादार नरसू, आया अमीना, बटलर पेद्रो, महाराजांचा चिटणीस दामोदरपंत, असा सगळा गोतावळा. अमीना रात्री चोरून राजवाड्यावर जायची, असे बाहेर आले. शेवटी रावजी फुटला. महाराजांनी पैसे देऊन आम्हाला वश केले, विष सरबतात मीच घातले, म्हणाला. आणि डिसेंबरात त्याला आठवले की एक पुडी आपण पट्ट्यात ठेवली होती. तो पट्टा तेव्हा दुसऱ्याच शिपायाच्या अंगावर होता. पट्टा मागवला. अकबर अलींनी चाचपला. आत पुडी निघाली. पुडीत सोमल.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि फेब्रुवारीत चौकशी आयोग बसला. सहा सभासद. तीन इंग्रज, तीन हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील भली मोठी फी घेऊन आला. त्याने सगळा रोख एका गोष्टीवर धरला, पट्टा. इतके दिवस पुडी पट्ट्यात होती आणि कोणाला सापडली नाही? पट्टा दुसऱ्याने वापरला तरी सापडली नाही? आणि अकबर अलींच्या बोटांना मात्र लगेच लागली? पुडी पोलिसांनीच ठेवली, असे त्याने सरळ सुचवले.

निकाल काय लागला? तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सभासदांना गुन्हा सिद्ध झाला असे वाटले नाही. मग सरकारने काय केले? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले, पण विषासाठी नाही, गैरकारभारासाठी. मद्रासला पाठवले, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. गादीवर दत्तक आणले ते मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातले पोर, म्हणजेच पुढचे सयाजीराव महाराज. सरबत कोणी बिघडवले हे अधिकृतपणे कधीच ठरले नाही.

धाकट्याचा चेहरा पडला. त्याला अकबर अली नायक हवे होते. "पण त्यांनी पुडी ठेवली का नाही ठेवली?" आम्ही म्हटले, ठाऊक नाही. "मग ते चांगले का वाईट?" थोरली पटकन म्हणाली, "ते पोलिस होते. लेस्ट्रेडसारखे. होम्सच्या गोष्टींतही पोलिस चुकीचा माणूस पकडतातच की." आम्हाला हे उत्तर आवडले. आपला माणूस शोधायला निघावे आणि तो देवदूत निघावा, असा हट्ट कशाला?

आणि मग तिसरा माणूस सापडला, ज्याच्यापुढे थोरली एकदम गप्प झाली. काझी अझीझुल हक. जन्म १८७२, खुलना जिल्हा. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला, गणितात हुशार. बंगालचे पोलिस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी त्याला बोटांच्या ठशांच्या कामावर घेतले. ठशावरून माणूस पटतो हे तोवर ठाऊक झाले होते. अडचण शोधण्याची होती. हजारो कागदांतून एक ठसा काढायचा कसा? अझीझुल हकने त्यातून गणिती वाट काढली. दहा बोटे, प्रत्येकावर भोवरा आहे की नाही, त्याला ठरावीक आकडे, त्यांची बेरीज. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १,०२४ खण. कोणताही कागद नेमक्या खणात. दुसरे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही त्यात मोलाची भर घातली. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला, जगातला पहिला. राणी व्हिक्टोरिया वारली जानेवारी १९०१ मध्ये. त्याच वर्षी जुलैत स्कॉटलंड यार्डमध्ये हीच पद्धत सुरू झाली. नाव पडले हेन्री पद्धत. हकला पुढे खानबहादूर किताब मिळाला, पाच हजार रुपये मिळाले. नाव मात्र खणाबाहेरच राहिले. आता ब्रिटनमधल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने हक आणि बोस यांच्या नावाने पारितोषिक ठेवले आहे.

१८९८ चे एक प्रकरण त्याच विभागाचे. जलपाईगुडीकडे चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून झाला, तिजोरी फुटली. तिथल्या बंगाली पंचांगावर अंगठ्याचा डाग मिळाला. तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने काय केले? चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून सोडले. अंगठा सांगतो की माणूस तिथे होता. सुरी कोणी चालवली ते अंगठा सांगत नाही. आमच्या मते अख्ख्या 'शेरलॉक होम्स'मध्ये इतके शहाणे वाक्य शोधून मिळायचे नाही. उलट डॉयलने १९०३ च्या एका कथेत रक्ताचा खोटा अंगठा भिंतीवर उमटवून दाखवला, मेणातून घेतलेला. म्हणजे पट्ट्यातली पुडी पुन्हा आलीच.

दुसऱ्या दिवशी थोरलीने शाईचा पॅड आणला आणि घरातल्या सगळ्यांची दहाही बोटे काळी केली. मामूंच्या आठ बोटांवर भोवरे निघाले, त्याचा त्यांना अकारण अभिमान. अम्मींची पाळी आली तेव्हा कागदावर नुसते काळे ठिपके उमटले. रेषाच नाहीत. जन्मभर भांडी, कपडे, भाताची लावणी, वर संसारासाठी लोकांच्या गोधड्या शिवणे. रेषा कुठे राहणार? अम्मींना हे नवे नव्हते. यंत्रावर अंगठा लागत नाही म्हणून त्यांचे काम एकदा सलग दोन महिने अडले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "आजी, तुम्ही तुम्हीच आहात हे मशिनला पटत नाही." तेव्हा आम्ही वैतागलो होतो. आता थोरलीने आजीचा तो कागद वहीत जपून ठेवला आहे आणि खाली लिहिले आहे: खण सापडत नाही.

बारावीनंतर फॉरेन्सिक सायन्सला जायचे म्हणते. मुंबईत सरकारी संस्था आहे. पोरीच्या जातीला प्रेतांजवळ काय काम, असे नात्यातल्या एकदोघांनी विचारून झाले. अम्मींनी त्यांना उत्तर दिले ते आम्ही इथे छापत नाही.

तिची निवड कशाने पक्की झाली, हे आम्हाला ठाऊक आहे. जॉर्ज एडल्जीमुळे. वडील शापूरजी, मूळ मुंबईचे पारशी, ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधल्या ग्रेट वर्ली या खेड्यात पाद्री झालेले. खेड्यात सावळे कुटुंब ते एकच. व्हिक्टोरियाच्या काळातच, १८८८ पासून, घरावर निनावी घाणेरडी पत्रे येऊ लागली. पोलिसांना वाटले, मुलगाच लिहितो. जॉर्ज शिकून वकील झाला. १९०३ मध्ये त्या भागात रात्री कोणीतरी गुरे-घोडी फाडू लागले आणि पकडले कोणाला? त्यालाच. सात वर्षांची शिक्षा. तीन वर्षांनी सुटला, पण निर्दोष नव्हे. कॉनन डॉयलने स्वतः प्रकरण हाती घेतले. १९०७ च्या जानेवारीत लंडनच्या हॉटेलात तो भेटायला गेला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता, अगदी डोळ्यांजवळ, तेही तिरपे धरून. डॉयल मूळचा डोळ्यांचा डॉक्टर. त्याने तिथेच ओळखले, हा माणूस काळोख्या रात्री शेते-कुंपणे ओलांडून जनावरापर्यंत पोचूच शकत नाही. मे १९०७ मध्ये जॉर्जला माफी मिळाली. नुकसानभरपाई दमडीचीही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले, त्यामागे या प्रकरणाचाही हात होता. 'आर्थर अँड जॉर्ज' ही तीन भागांची मालिका २०१५ मध्ये आली. अवश्य पाहा. अब्दुल्ला खानला शीख म्हणणारा आणि जॉर्जचे वर्तमानपत्र पाहणारा लेखक एकच होता, हे आम्हाला फार बरे वाटते.

जाता जाता पालकांना एक सूचना. साखळी खुन्यांवरचे चित्रपट, 'फ्रॉम हेल' काय किंवा 'द लाइमहाउस गोलेम' काय, याच काळातले असले तरी मुलांसमोर लावू नका. रक्त फार आहे. गाय रिची यांचा २००९ चा 'शेरलॉक होम्स' मोठ्या मुलांना चालेल. मारामारी आहे, पण जादू वाटते त्यामागे रसायनशास्त्र निघते.

मागच्या शनिवारी चित्रपट नव्हताच. नेट गेले होते. मामूंनी टूम काढली की बडोद्याचा आयोग पुन्हा बसवू. आपण सहा आहोतच. सगळे पुरावे थोरलीने वाचून दाखवले. मामू म्हणाले, महाराज दोषी. आमच्यातले एकजण म्हणाले दोषी, दुसरे म्हणाले सिद्ध नाही. थोरली, सिद्ध नाही. धाकटा बराच वेळ पट्ट्यावर अडकून शेवटी म्हणाला, दोषी, पण पुडी पोलिसांनी ठेवली. दोन्ही एकदम कसे, म्हणून वाद झाला. राहिल्या अम्मी. त्या गोधडीला टाका घालत होत्या.

"ते सरबत त्यानं खिडकीतून फेकलं ना?" त्या म्हणाल्या. "मग खिडकीखाली त्या दिवशी झाडलोट कोणी केली, त्या बाईला कोणी काही विचारलं का?"

थोरली कागद चाळू लागली.